दुतोंडी घड्याळ आणि एक अब्ज तास

तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पडून दुसरा पडेपर्यंत प्रकाश जेमतेम १० सेंटिमीटर पुढे सरकतो. एका सेकंदात असे तीन अब्ज ठोके पडतात. डेटा सेंटरच्या एका भिंतीजवळच्या सर्व्हरपासून ३० मीटरवरच्या दुसऱ्या सर्व्हरपर्यंत प्रकाश हवेतून सरळ गेला, तरी तोवर ३०० ठोके पडून गेलेले असतात. काचेच्या तंतूतून तो आणखी मंदावतो, सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटरवर येतो. मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटरची केबल धरली, तर संदेश पोहोचायला पाऊण मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात मुंबईतला प्रोसेसर साडेबावीस लाख ठोके पुढे गेलेला असतो. म्हणजे मुंबईत आत्ता किती वाजले, हे पुण्यातल्या यंत्राला कधीच कळत नाही. मघाशी किती वाजले होते एवढंच कळतं, आणि ते ‘मघाशी’ नेमकं किती जुनं, याचाही अंदाजच बांधावा लागतो.

या अंदाजावर आज भलताच मोठा डोलारा उभा आहे. बँकेच्या दोन शहरांतल्या दोन सर्व्हरांवर एकाच खात्याच्या दोन नोंदी झाल्या, तर पैसे आधी भरले की आधी काढले, हे वेळेच्या शिक्क्यावरून ठरवायचं असतं. ५जी मोबाइलच्या शेजारशेजारच्या मनोऱ्यांनी एकाच लहरीवर आळीपाळीने बोलायचं आणि ऐकायचं असतं; तिथे ठरलेल्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाहून जास्त हललेलं चालत नाही. युरोपमधल्या शेअर बाजारांत अतिवेगवान व्यवहार करणाऱ्यांची घड्याळं प्रमाणवेळेपासून १०० मायक्रोसेकंदांच्या आत असली पाहिजेत, असा नियम ३ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या वीजजाळ्यात विजेच्या लहरीचा एक अंश म्हणजे सुमारे ५६ मायक्रोसेकंद. शेकडो किलोमीटर दूरच्या दोन उपकेंद्रांतल्या लहरींची तुलना करायची, तर दोन्हीकडची घड्याळं त्याहून कितीतरी बारीक जुळलेली लागतात.

आणि ही जुळणी करायची कशाच्या जोरावर? क्वार्ट्झच्या एका बारीक तुकड्याच्या. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दोनाचा पंधरावा घात, म्हणून हा आकडा. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. साधा स्फटिक दहा लाखांत २० भागांनी पुढे किंवा मागे पडला, तर त्याला कोणी वाईट म्हणत नाही. पण त्याचा अर्थ दिवसाला पावणेदोन सेकंद. दहा हजार सर्व्हर एका पहाटे अगदी तंतोतंत लावले आणि मग त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नाही, तर सर्वांत घाईचं आणि सर्वांत आळशी घड्याळ यांच्यात तासाभरात १४४ मिलिसेकंदांची आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत साडेतीन सेकंदांची फट पडू शकते. प्रोसेसरच्या ठोक्यांत मोजलं तर हजार कोटींहून जास्त ठोके. बरं, स्फटिकाची चाल तापमानाबरोबर बदलते, वयाबरोबर बदलते. म्हणून एकदा लावून भागत नाही. सतत विचारत राहावं लागतं.

विचारायची रीत अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी घालून दिली. १९८५ मध्ये त्यांनी एनटीपी ही जाळ्यावरून वेळ जुळवण्याची पद्धत मांडली आणि इंटरनेटवरची बहुतेक यंत्रं आजही तिच्यावर चालतात. मिल्स जानेवारी २०२४ मध्ये गेले. त्यांची युक्ती अशी. मी माझी वेळ टिपून प्रश्न पाठवतो. समोरचा सर्व्हर प्रश्न मिळाल्याची आणि उत्तर धाडल्याची, अशा त्याच्या दोन वेळा लिहून परत पाठवतो. उत्तर हातात पडताच मी पुन्हा माझी वेळ टिपतो. चार आकडे मिळाले. एकूण जाण्यायेण्याचा वेळ काढायचा, निम्मा करायचा आणि जायला तेवढा, यायला तेवढा असं धरायचं.

सगळी मेख त्या ‘निम्मा’ शब्दात आहे. जाण्यायेण्याला मिळून १० मिलिसेकंद लागले, पण जाताना दोन आणि येताना आठ असे लागले असतील, तर माझं घड्याळ तीन मिलिसेकंदांनी चुकणार. आणि हे मला कळायचा कोणताही मार्ग नाही, कारण चारही आकडे जसेच्या तसे येतील. हजार वेळा विचारलं तरी रस्ता तसाच वाकडा असेल, तर उत्तरही तसंच वाकडं येईल.

१९८४ मध्ये जेनिफर लुंडेलियस आणि नॅन्सी लिंच यांनी या अडचणीची सीमा गणिताने आखून दिली. संदेश पोहोचायच्या वेळेतली अनिश्चितता १०० मायक्रोसेकंद असेल आणि चार घड्याळं एकमेकांशी जुळवायची असतील, तर ७५ मायक्रोसेकंदांपेक्षा जवळ आणण्याची हमी कोणतीही पद्धत देऊ शकत नाही. दहा घड्याळं असतील तर ९०. दहा हजार असतील तर ९९.९९. घड्याळांची संख्या वाढवत गेलो तर सरासरीने चूक कमी होत जाईल, असं आपल्याला उगाच वाटत असतं. इथे हमी उलट सैल होत जाते. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की या हिशेबात एकही घड्याळ बिघडलेलं नाही, एकाचीही चाल चुकलेली नाही. सगळी आदर्श. फक्त मधला रस्ता किती वेळ खाईल हे नक्की ठाऊक नाही, एवढ्यानेच ही भिंत उभी राहते.

रस्त्यातल्या एका सैल जोडाने काय होतं, ते २०११ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. जिनिव्हाजवळच्या सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोहोचत होते. प्रकाशाला हे अंतर कापायला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या मोजमापात न्यूट्रिनो त्याहून ६० नॅनोसेकंद आधी येताना दिसले. ६० नॅनोसेकंद म्हणजे प्रकाशाची १८ मीटरची धाव. आइन्स्टाइन चुकला की काय, इथपर्यंत चर्चा गेली. प्रयोगाच्या गटाने महिनोन्‌महिने स्वतःचं मोजमाप उसवून पाहिलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये दोष सापडला तो जीपीएसचा वेळसंकेत आत आणणाऱ्या प्रकाशतंतूच्या जोडणीत. ती नीट घट्ट बसलेली नव्हती, त्यामुळे संकेत सुमारे ७० नॅनोसेकंद उशिरा पोहोचत होता. घड्याळ उत्तम, पण त्याचा निरोप आणणारी वाट खोटी आणि त्या वाटेला ताडून पाहायला दुसरी वाट नाही. प्रयोगकर्त्यांनी आपला आकडा लपवला नाही, लोकांसमोर ठेवून ‘चूक शोधा’ म्हटलं, याचा मला फार आदर वाटतो.

इथवरची घड्याळं निदान सरळ वागत होती. खरा चक्रावून टाकणारा भाग सुरू होतो तो एखादं घड्याळ बिघडल्यावर. बंद पडलेलं घड्याळ सोपं. ते गप्प आहे हे दिसतं. पुढे पळणारंही सोपं, कारण ते सगळ्यांना एकच चुकीची वेळ सांगतं. भीती असते ती एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगणाऱ्या घड्याळाची. त्यात लबाडी असायलाच हवी असं नाही. तारेवरचा संकेत अर्धवट कमजोर झाला, की तो एका यंत्राला थोडा आधी आणि दुसऱ्याला थोडा नंतर जाणवतो. पण परिणाम तोच होतो: घड्याळ दुतोंडी बनतं.

हा प्रश्न पहिल्यांदा ऐरणीवर आला तो विमानासाठी. १९७० च्या दशकात तेलाच्या टंचाईनंतर अमेरिकेत हलक्या, कमी इंधन खाणाऱ्या आणि संगणकाच्या सतत नियंत्रणावरच उडू शकणाऱ्या विमानांचा विचार सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेने नासासाठी ‘सिफ्ट’ नावाचा संगणक आखायला घेतला. कल्पना साधी होती: अनेक संगणक तेच गणित एकाच वेळी करतील, उत्तरांवर मतदान होईल आणि बिघडलेला एकटा पडेल. पण मतदान व्हायचं तर सगळे एकाच वेळी उत्तर घेऊन हजर हवेत, म्हणजे त्यांची घड्याळं जुळलेली हवीत. आणि घड्याळ जुळवणारी यंत्रणाही बिघडू शकते! तीन घड्याळं घेऊ, मधली वेळ खरी मानू, असा विचार कोणाच्याही मनात येईल. प्रत्यक्षात करून पाहू.

पहिल्या घड्याळात बारा वाजले आहेत. दुसऱ्यात बारा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. दोन्ही चांगली आहेत, नुसती जुळवायची राहिली आहेत. तिसरं दुतोंडी आहे. ते पहिल्याला सांगतं, ‘अकरा पन्नास’. दुसऱ्याला सांगतं, ‘बारा वीस’. आता पहिल्यासमोर तीन आकडे आले: अकरा पन्नास, बारा, बारा दहा. मधला बारा, म्हणजे त्याचा स्वतःचाच. ते जागचं हलत नाही. दुसऱ्यासमोर बारा, बारा दहा, बारा वीस. मधला बारा दहा, पुन्हा त्याचा स्वतःचाच. तेही हलत नाही. दोघंही नियम तंतोतंत पाळतात, दोघांनाही आपण बरोबर मध्यावर आहोत अशी खात्री आहे आणि दहा मिनिटांची फट जन्मभर तशीच राहते. तिसऱ्याने आणखी थोडी खोड काढली तर ती वाढतही जाईल.

आता चौथं घड्याळ आणू, बारा वाजून पाच मिनिटांचं. नियम असा, की आलेल्या चार आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान टाकून द्यायचा आणि उरलेल्या दोहोंचा मध्य घ्यायचा. पहिल्याकडे अकरा पन्नास, बारा, बारा पाच, बारा दहा आले. टोकाचे दोन टाकले, उरले बारा आणि बारा पाच; मध्य बारा वाजून अडीच मिनिटं. दुसऱ्याकडे बारा, बारा पाच, बारा दहा, बारा वीस. उरले बारा पाच आणि बारा दहा. मध्य बारा वाजून साडेसात मिनिटं. दुतोंड्याने दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगूनही दहा मिनिटांची फट एका फेरीत पाचावर आली. पुढच्या फेरीत अडीच. प्रत्येक फेरीत निदान निम्मी. दहा मिनिटं म्हणजे ६० कोटी मायक्रोसेकंद, आणि दोनाचा तिसावा घात १०७ कोटींच्या पुढे जातो. म्हणजे निरोप अचूक पोहोचत असतील तर अवघ्या तीस फेऱ्यांत फट एका मायक्रोसेकंदाच्या आत येते, आणि तीसही फेऱ्यांत एक घड्याळ मनाला येईल ते बरळत असतं! त्यापुढे जाऊ देत नाही ती मघाची रस्त्याच्या अनिश्चिततेची भिंत.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. एका दुतोंड्यासाठी चार मुखं पुरतात. दोन दुतोंडी असतील तर सात लागतात, तीन असतील तर दहा, शंभर असतील तर ३०१. तिप्पट अधिक एक. प्रत्येकाने प्रत्येकाला वेळ सांगायची म्हटलं, तर चार घड्याळांच्या एका फेरीत १२ निरोप होतात आणि ३०१ घड्याळांच्या एका फेरीत ९०,३००. मार्शल पीझ, रॉबर्ट शोस्टाक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्ये सिद्ध केलं, की यापेक्षा कमी यंत्रांत दुतोंड्यांसकट एकमत होणं शक्यच नाही. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. तशी पद्धत असूच शकत नाही. डॅनी डोलेव्ह, जोसेफ हालपर्न आणि रे स्ट्राँग यांनी पुढे हीच तिप्पट अधिक एकची अट घड्याळांसाठी वेगळी सिद्ध केली. निरोपावर नक्कल न करता येणारी सही असेल तर अट सैल होते. पण सहीशिवाय सुटका नाही.

टोकाचे आकडे टाकायची ही रीत पुस्तकात राहिली नाही. मोटारींमधल्या ‘फ्लेक्सरे’ जाळ्यात तीन ते सात घड्याळांची मापं असतील तर दोन्ही टोकांचं एकेक टाकायचं, आठ किंवा जास्त असतील तर दोनदोन, असा नियमच लिहिलेला आहे. २००६ च्या बीएमडब्ल्यूच्या एक्स५ मध्ये ते जाळं पहिल्यांदा रस्त्यावर आलं.

विमानाच्या बाबतीत आकडा आणखी कठोर. ज्या बिघाडाने विमान पडू शकतं, तो उड्डाणाच्या एक अब्ज तासांत एकदाहून जास्त होता कामा नये, ही प्रवासी विमानांची कसोटी आहे. एक अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षं. एक हजार विमानं रात्रंदिवस न उतरता उडवली, तरी चाचणी पुरी व्हायला ११४ वर्षं लागतील. याचा सरळ अर्थ असा, की असं यंत्र चालवून तपासताच येत नाही. ते बरोबर आहे हे कागदावर सिद्ध करावं लागतं.

आणि कागदही फसवतो. लॅम्पोर्ट आणि मेलियर-स्मिथ यांची घड्याळं जुळवण्याची पद्धत १९८५ मध्ये सिद्धतेसह नामांकित नियतकालिकात छापून आली. तज्ज्ञांनी तपासलेली, अनेकांनी वाचलेली. काही वर्षांनी एसआरआयमधल्याच जॉन रशबी आणि फ्रेडरिक फॉन हेन्के यांनी तीच सिद्धता पायरीपायरीने संगणकाकडून तपासून घेतली, तेव्हा छापील सिद्धतेत दोष निघाले. पद्धत बरोबर होती; ती बरोबर का आहे याचा युक्तिवाद मध्येच तुटत होता. त्यांनी तो दुरुस्त केला. एक लाख वर्षांच्या हमीसाठी माणसाच्या डोळ्यांनी तपासलेला युक्तिवाद पुरेसा नाही, हे तिथे दिसून आलं, आणि यंत्राकडून सिद्धता तपासून घेण्याचं काम मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

तिप्पट अधिक एक या हिशेबाखाली मात्र एक गृहीत दडलेलं आहे: घड्याळं एकमेकांशी संबंध नसताना, आपापली बिघडतात. ते गृहीत कोसळलं की चार काय आणि चाळीस काय.

१९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे ‘टिक’ आणि ‘टॉक’ हे दोन प्रसिद्ध वेळ-सर्व्हर जवळपास तासभर इसवी सन २००० सांगू लागले. १२ वर्षं, म्हणजे सुमारे ३८ कोटी सेकंद मागे. एक जरी बरोबर असता तरी दोघांतली तफावत दिसली असती. पण दोघं एकाच सुरात बोलले, म्हणून त्या दोघांवरच भिस्त ठेवणाऱ्या कित्येक यंत्रांनी ते मान्य करून टाकलं. २६ जानेवारी २०१६ रोजी त्याहून बारीक आणि त्याहून दूरवर पसरलेली गोष्ट घडली. १९९० मध्ये सोडलेला एक जुना जीपीएस उपग्रह निवृत्त करताना जमिनीवरच्या सॉफ्टवेअरने उरलेल्यांपैकी १५ उपग्रहांना चुकीचा आकडा चढवला आणि ते प्रमाणवेळ १३.७ मायक्रोसेकंदांनी चुकीची सांगू लागले. अणुघड्याळं एकदम ठणठणीत, चुकला तो त्यांच्याबरोबर जाणारा एक आकडा. मोटारींना रस्ता दाखवण्यात काही बिघडलं नाही, पण दूरसंचार जाळ्यांत ठिकठिकाणी धोक्याचे इशारे वाजले. आकाशातल्या पंधरांचं एकमत झालं होतं आणि ते एकमत खोटं होतं.

आपल्याकडची गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे. इस्रोच्या ‘नाविक’ मालिकेतला पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, १ जुलै २०१३ रोजी सुटला. त्यात स्वित्झर्लंडमध्ये बनलेली तीन रुबिडियम अणुघड्याळं होती. एक गेलं तर दुसरं, दुसरं गेलं तर तिसरं. तिन्ही गेली. जानेवारी २०१७ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा उपग्रह धडधाकट होता, पण घड्याळाविना स्थान सांगण्याच्या कामाचा उरला नव्हता. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये उडाला, पण त्याचं उष्णताकवच गळून पडलंच नाही आणि तो आतच अडकला. अखेर एप्रिल २०१८ मध्ये त्याच्यानंतरचा उपग्रह कक्षेत पोहोचला.

त्याच २०१७ च्या जानेवारीत युरोपच्या ‘गॅलिलिओ’ या दिशादर्शक उपग्रहजाळ्यानेही आपला हिशेब लोकांपुढे ठेवला: १८ उपग्रहांवरच्या ७२ घड्याळांपैकी ९ बंद पडलेली, तीन रुबिडियमची आणि सहा हायड्रोजन मेसरची. तरी घड्याळांपायी एकही उपग्रह कामातून गेला नाही. प्रत्येकावर चार घड्याळं होती आणि ती दोन वेगळ्या जातींची होती. तीन आणि चार यांत नुसता एकाचा फरक दिसतो, पण एकाच घडणीच्या तीन वस्तू म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. एका साक्षीदाराच्या तीन प्रती. २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशात तयार झालेलं रुबिडियम घड्याळ पहिल्यांदा बसवलं गेलं. स्वदेशीचा अभिमान त्यात आहेच. मला त्यात घडणीचं वेगळेपण जास्त महत्त्वाचं वाटतं.

२०१२ मध्ये गूगलने ‘स्पॅनर’ या आपल्या जगभर पसरलेल्या डेटाबेसची रचना एका निबंधात प्रसिद्ध केली, तिच्यात हेच वेगळेपण मुद्दाम जपलेलं दिसतं. प्रत्येक डेटा सेंटरमध्ये वेळ सांगणारी काही मुख्य यंत्रं असतात. बहुतेकांना जीपीएसचा स्वतंत्र अँटेना असतो, तर काहींमध्ये अणुघड्याळ असतं. जीपीएसला अँटेना, हवामान, खोटे संकेत, चुकीचे आकडे यांची भीती. अणुघड्याळाला त्यातलं काहीच बाधत नाही, ते फक्त हळूहळू सरकतं. दोघांची दुखणी वेगळी, म्हणून दोघं एकदम आजारी पडत नाहीत. बाकीचे सर्व्हर दर ३० सेकंदांनी यांच्यातल्या अनेकांना वेळ विचारतात. खोटं कोण हे ओळखायला कीथ मार्झुलो यांनी १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या प्रबंधात मांडलेल्या पद्धतीचं एक रूप वापरतात.

मार्झुलोंच्या पद्धतीत घड्याळ एक आकडा सांगत नाही, दोन सांगतं: ‘खरी वेळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे.’ एक म्हणतं ८ ते १२ मिलिसेकंद, दुसरं ११ ते १३, तिसरं १४ ते १५. पहिल्या दोघांचा पट्टा ११ ते १२ वर एकमेकांवर येतो, तिसऱ्याचा कोणालाच शिवत नाही. तिसरं बाद. एनटीपीवाले अशा घड्याळाला ‘फॉल्सटिकर’ म्हणतात. गंमत म्हणजे इथे बाद झालं ते सर्वांत अरुंद पट्टा सांगणारं, म्हणजे स्वतःबद्दल सर्वांत जास्त खात्री असलेलं घड्याळ.

स्पॅनरच्या त्या २०१२ च्या रचनेत सर्व्हरला वेळ विचारली की तोही असाच पट्टा देतो. दोन विचारण्यांमधल्या ३० सेकंदांत आपलं घड्याळ सेकंदाला २०० मायक्रोसेकंदांनी भरकटेल, असं तो वाईटात वाईट गृहीत धरतो. म्हणजे सहा मिलिसेकंद. वर निरोपाच्या प्रवासाचा एक. त्यामुळे त्याची शंका करवतीच्या दातांसारखी एकापासून सातापर्यंत चढते, विचारलं की खाली येते, पुन्हा चढते. सरासरी चार. अलीकडे चार आणि पलीकडे चार, मिळून आठ मिलिसेकंदांचा पट्टा. आता एखादी नोंद पक्की करायची आहे. सर्व्हर वेळ विचारतो. उत्तर येतं: खरी वेळ दहाच्या ठोक्यापासून दहा वाजून आठ मिलिसेकंदांपर्यंत कुठेतरी. तो नोंदीवर शिक्का मारतो तो पट्ट्याच्या शेवटच्या टोकाचा, दहा वाजून आठ मिलिसेकंदांचा. आणि मग गप्प बसून राहतो. ती वेळ जगात सर्वत्र नक्की उलटून गेली अशी खात्री पटेपर्यंत नोंद कोणाला दाखवत नाही. सुमारे आठ मिलिसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे २ कोटी ४० लाख ठोके. या वाट पाहण्याच्या बदल्यात मिळतं ते असं: एक व्यवहार संपल्यावर दुसरा सुरू झाला, मग तो पृथ्वीच्या कोणत्याही टोकाला असो, दुसऱ्याचा शिक्का पहिल्याच्या नंतरचाच पडतो.

या एका कल्पनेसाठी मी हा सगळा विषय वाचत राहतो. अचूक वेळ सांगण्याची शर्यत चालू असताना कोणीतरी म्हटलं, की आपली चूक जास्तीत जास्त किती असेल ते प्रामाणिकपणे सांग, मग तेवढं थांबणं आमच्याकडे लागलं. घड्याळं सुधारली की पट्टा अरुंद होतो, थांबणं कमी होतं. घड्याळं बिघडली की पट्टा रुंदावतो, डेटाबेस मंदावतो, पण खोटं बोलत नाही. त्याच निबंधात गूगलने आपल्या यंत्रांचा अनुभव नोंदवला आहे, की घड्याळापेक्षा प्रोसेसर बिघडण्याची शक्यता सहापट जास्त आहे.

जगाची प्रमाणवेळही अशाच पट्ट्यांतून घडते. सुमारे ८० प्रयोगशाळांतली साधारण ४५० अणुघड्याळं आपापली मापं पॅरिसजवळच्या सेव्हर इथल्या आंतरराष्ट्रीय वजनमापे संस्थेकडे पाठवतात. त्यांत दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही आहे. संस्था भरवशाच्या घड्याळांना जास्त वजन देते, भरकटणाऱ्यांना कमी, आणि महिन्यातून एकदा पत्रक काढते. त्यात प्रत्येक प्रयोगशाळेचं घड्याळ मागच्या महिन्यात प्रमाणवेळेपासून किती नॅनोसेकंद ढळलं होतं ते दिलेलं असतं आणि शेजारी त्या आकड्याची अनिश्चितताही छापलेली असते. म्हणजे जगाची सर्वांत अधिकृत वेळ काही आठवड्यांनंतर ठरते. भिंतीवर लटकवता येईल असं तिचं घड्याळच नाही.

आणि सेकंद आणखी बारीक चिरत गेलं, की खाली जमिनीची उंची लागते. सीझियम अणूच्या ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आंदोलनांचा एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासून चालत आली आहे. पण उंचावरचं घड्याळ खालच्यापेक्षा जलद चालतं. अमेरिकेची काही मुख्य घड्याळं कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटरवर आहेत. केवळ तेवढ्यामुळे ती दिवसाला सुमारे १५ नॅनोसेकंद पुढे जातात आणि तो हिशेब वजा करावा लागतो. इमारतीच्या लागोपाठच्या दोन मजल्यांवर दोन निर्दोष घड्याळं ठेवली, तर वर्षाला त्यांच्यात १० नॅनोसेकंदांची फट पडते. २०१० मध्ये बोल्डरमध्येच ३३ सेंटिमीटर उचललेल्या घड्याळाची वाढलेली चाल मोजली गेली. २०२२ मध्ये तिथल्याच जून ये यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम अणूंच्या एकाच ढगात, एका मिलिमीटरच्या वरच्या आणि खालच्या अणूंमधला फरक पकडला. २०३० च्या सुमारास अशा प्रकाशीय घड्याळांवर सेकंदाची नवी व्याख्या करण्याची तयारी चालू आहे. तेव्हा दोन शहरांतली अशी दोन घड्याळं ताडून पाहायची, तर प्रत्येकाची उंची सेंटिमीटरपर्यंत ठाऊक हवी. त्या उंचीतली शंकाही तेव्हा घड्याळाने सांगितलेल्या पट्ट्यात धरावी लागेल.